आग्रह नसलेलं टेबल

ज्ञान देणारा माणूस योग्य वेळी भेटणं हा जन्माचा भाग्ययोग असतो. आमचा भाग्ययोग दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या घराच्या अंगणात बनियनवर उभा होता आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "टाकी भरून वाहायलीय. मोटर बंद करा की."

मी मोटर बंद केली. त्यांनी दोन्ही हात एकमेकांवर हलकेच झटकले, तळवे आधी वर आणि मग खाली करून दाखवले आणि जिना चढून गेले. मी आठवड्यापूर्वीच दोह्यात आले होते. मला वाटलं, इथली काही पद्धत असेल.

पद्धत त्यांची एकट्याची होती. काकांनी (सगळे त्यांना काकाच म्हणायचे) उमेदीची वर्षं पर्यटकांच्या एका मोठ्या बोटीवरच्या कसिनोत पत्ते वाटण्यात घालवली होती. वाटणाऱ्याने टेबल सोडताना आपले हात रिकामे आहेत हे छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं, असा तिथला नियम. बोट सुटून जमाना झाला, सवय सुटली नाही. फ्रिज बंद केला की हात दाखवायचे. सत्यनारायणाचा प्रसाद घेतला की दाखवायचे. कुणाकडे सांत्वनाला गेले तरी निघताना दाखवायचे, आणि घरचे लोक गोंधळून छताकडे बघायचे.

"वर कोण बघतंय, काका?" असं मी एकदा विचारलं.

"कुणी नसंल. पण नसल्याची खात्री हाय का तुम्हाला?"

ईश्वराच्या अस्तित्वावर मी बरंच वाचलं आहे. इतका आटोपशीर युक्तिवाद कुठे वाचलेला नाही.

कसिनोत वाटणाऱ्यांच्या विजारीला खिसे नसतात. त्यामुळे काका नवी विजार आणली की पहिल्यांदा काकूंकडून तिचे खिसे शिवून बंद करून घेत. परिणामी त्यांचा फोन, आयडी आणि गाडीची किल्ली हे सगळं काकूंच्या पर्समध्ये असे. काकांना फोन केला की काकू उचलायच्या. काका बाहेर आणि काकू घरी असतील, तर काका बाहेर आहेत एवढी माहिती मिळायची.

एका मोठ्या व्हिलाचे, मध्ये भिंती घालून, चार संसार केलेले होते. खालच्या एका तुकड्यात मी आणि माझा नवरा निखिल, आमच्या डोक्यावर काका आणि काकू. काका मूळचे बार्शीचे. बोटीनंतर ते दोह्यातल्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर झाले होते. म्हणजे लग्नं, परिषदा आणि सत्कार यांत वेटरांनी किती अंशांत वाकायचं हे ते ठरवायचे. थाटामाटाचा मला लहानपणापासून संशय आहे. ज्या कार्यक्रमात दीपप्रज्वलनाला जेवणापेक्षा जास्त वेळ लागतो, तिथे काहीतरी लपवायचं असतं असं माझं मत. काकांचा सगळा जन्म थाटामाटात गेलेला. तेव्हा आमचं जमायला नको होतं. ते जमलं शुक्रवारी दुपारी.

इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी ऑफिसं सुरू. जेवणं झाली की काका आपल्या जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचे. ते काकूंनी सोफ्याच्या कव्हरांसाठी आणलं होतं, याची आठवण काकू दर शुक्रवारी न चुकता करून द्यायच्या. मग काका आत जाऊन पांढरा शर्ट, काळं जाकीट आणि गळ्याला काळा बो लावून यायचे. कपाळावर मात्र काकूंनी सकाळी पूजेनंतर लावलेला गंधाचा टिळा असायचा. टेबलामागे उभे राहिले की त्यांची भाषाही बदलायची. कापडाच्या पलीकडे बार्शी संपायची. मी 'मॅडम', निखिल 'सर', आणि काकू खेळायला बसल्या तर त्यादेखील 'मॅडम'. काकूंना हे चाळीस वर्षांच्या संसारात एवढ्या एकाच ठिकाणी मिळत होतं, म्हणून त्या कापडाबद्दल तक्रार करून झाली की बसायच्याच.

सुरुवातीला काका एक घोषणा करायचे. "पैसा टेबलावर येणार नाही. या देशात चालत नाही, आणि माझ्या घरात तर त्याहून चालत नाही." मग प्रत्येकापुढे काबुली चणे मोजून ठेवायचे. संध्याकाळी जिंकलेले आणि हरलेले सगळे चणे एकाच पातेल्यात भिजत पडायचे आणि शनिवारी त्यांची उसळ व्हायची. जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला सारखीच वाटी. जुगाराचं इतकं पूर्ण निर्मूलन कुठल्याही कायद्याला जमलेलं नसेल.

खेळ म्हणजे ब्लॅकजॅक. ज्या देशात कसिनो नाही तिथे कसिनोत कसं वागावं हे आम्ही शिकत होतो. वाळवंटात पोहणं शिकण्यासारखंच हे, पण शिकवणाऱ्याची श्रद्धा एवढी दांडगी की आम्ही अंग ओलं झाल्यासारखे बसायचो.

नियम थोडे आहेत. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण ओलांडायची नाही. ओलांडली की फुटला. राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे. "इथं राजाला दश्शीपेक्षा जास्त मान नाही, म्हणून हा खेळ सभ्य आहे," असं काका बो नीट करत म्हणायचे. एक्का एकाचाही आणि अकराचाही, तुमच्या सोयीने. तुमचे दोन्ही पत्ते उघडे पडतात, वाटणाऱ्याचा एक उघडा आणि एक झाकलेला. तुमची लढाई शेजाऱ्याशी नाही, फक्त वाटणाऱ्याशी. आणि वाटणाऱ्याला स्वतःचं मत नसतं. सोळापर्यंत त्याने पत्ता घेतलाच पाहिजे आणि सतरा झाले की थांबलंच पाहिजे. वाटणाऱ्याला मत नसतं हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जेवढा अधिकार दिसे तेवढा मी मत असलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर फार कमी पाहिला आहे.

निखिल आयटीतला, त्यामुळे त्याने पहिल्याच शुक्रवारी फट शोधली. आपण फुटलो आणि मागून वाटणाराही फुटला तर बरोबरी ना, असं त्याने विचारलं.

"नाही सर. आपण आधी फुटलात. आपले चणे तेव्हाच उचलले. नंतर आमचं काय झालं याच्याशी आपला संबंध नाही." आणि मग, गुप्त गोष्ट सांगावी तसं हळू आवाजात, "सगळ्या कसिनोंची माडी ह्या एका गोष्टीवर उभी आहे. बाकी झुंबरं शोभेची."

आम्ही रमी खेळून वाढलेली माणसं. पत्ता पडला की उचलून छातीशी धरायला हात आपोआप जातो. इथे पत्त्याला बोट लावायचं नाही. "हात, सर," एवढंच काका म्हणत आणि निखिल शाळेतल्यासारखा हात मागे घेई. शेजाऱ्याला सल्ला द्यायचा नाही, हे त्याहून अवघड. आणि सगळ्यात अवघड म्हणजे बोलायचंच नाही. पत्ता हवा असेल तर दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची. नको असेल तर तळहात उपडा धरून आडवा फिरवायचा. का, तर कॅमेऱ्याला कान नसतात. उद्या भांडण झालं तर तुम्ही काय म्हणालात याला अर्थ नाही, हाताने काय केलंत ते दिसतं.

एकदा निखिल भारावून म्हणाला की आयुष्याचंही असंच आहे नाही, काका. काका वाटता वाटता थांबले. कसिनोतला माणूस आयुष्याबद्दल बोलायला लागला की त्याला पाणी देऊन घरी पाठवतात, असं त्यांनी सांगितलं. आयुष्याला सतरावर थांबायची सक्ती नसते, म्हणून दोन्हींचा काही संबंध नाही. पत्ते बघा. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा मनापासून आदर वाटला तो त्या दिवशी.

तळहाताच्या इशाऱ्यावरून माझ्या सासूबाई दुखावल्या. त्या व्हिजिट व्हिसावर कराडहून आल्या होत्या आणि पहिल्याच शुक्रवारी मोठ्या उत्साहाने टेबलाशी बसल्या. त्यांचे पत्ते तेरा झाले होते. काकांपुढे नश्शी उघडी होती. अशा वेळी पत्ता घ्यायचा असतो हे आम्ही त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. काकांनी नजरेने विचारलं. सासूबाईंनी हसून ताटावर हात आडवा धरावा तसा हात फिरवला. काका पुढे गेले, आपला झाकलेला पत्ता उलटला, एकोणीस झाले, आणि सासूबाईंचे चणे उचलून नेले.

"अहो, मी घेणार होते की," सासूबाई म्हणाल्या.

"आपण थांबा म्हणालात, मॅडम."

"ते आपलं म्हणायचं म्हणून. एकदा नको म्हटल्यावर परत विचारायला नको का तुम्ही?"

"मॅडम, इथं आग्रह नसतो."

"आग्रह नसतो तर माणसं येतात कशाला?"

या धंद्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. काकांनी बो नीट केला. पण दुसऱ्या दिवशी उसळीच्या वेळी टेबलावर हिरवं कापड नव्हतं, तेव्हा तेच काका वाटी घेऊन सासूबाईंच्या मागे लागले होते. "घ्या की ओ ताई. काय खाल्लंच नाही तुम्ही. एवढ्याशानं काय होतंय." सासूबाईंनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली आणि त्यांचं समाधान झालं. तरी कराडला परतल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलंच, की दोह्याला वर एक गृहस्थ राहतात, सगळं चांगलं आहे हो, पण बोलावून घेतात आणि दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

निखिल त्यांचाच मुलगा. त्याने जन्मात स्वतःच्या तोंडाने काही मागितलेलं नव्हतं. लग्नाच्या जेवणावळीतून तो उपाशी परत यायचा, कारण वाढपी दुसऱ्यांदा फिरकलेला नसायचा. मला बघायला आला तेव्हा पोह्यांच्या दुसऱ्या बशीला नको म्हणाला आणि परत जाताना कोपऱ्यावर वडापाव खाल्ला, हे त्यानेच लग्नानंतर सांगितलं. मला लग्नाचं विचारलं ते त्याच्या आईने. तो शेजारी बसून पंख्याकडे बघत होता. याला मी वर्षानुवर्षं सुसंस्कृतपणा समजत आले. काकांच्या टेबलावर मात्र त्याची पंचाईत व्हायची. बारा झाले की तो काकांकडे आशेने बघायचा. काका वाट पाहायचे. तो अर्धवट हात हलवायचा. काका पुढे जायचे. शनिवारच्या उसळीतले बहुतेक चणे मूळचे निखिलचे असत.

मला सहावा महिना होता तेव्हाची गोष्ट. निखिलचा करार संपत आला होता. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर, आणि अल दुहैल भागातल्या शाळेच्या ग्रंथालयातली माझी नोकरी माझ्या व्हिसावर. बाळंतपणानंतर जागा राखून ठेवू असं शाळेने कबूल केलं होतं. दवाखाना ठरला होता, डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. करार वाढला नाही तर आठव्या महिन्यात सगळं गुंडाळून निघायचं, आणि आठव्या महिन्यात विमानात घेतात की नाही हे त्या त्या विमान कंपनीच्या मर्जीवर.

निखिलच्या साहेबांनी, ते लेबनीज होते, त्याला लिफ्टपाशी गाठून विचारलं की पुढे आमच्याबरोबर राहणार ना. निखिल हसून म्हणाला, नाही सर, आता घरी परतावं म्हणतोय. साहेब म्हणाले, "ओके हबीबी. खलास." आणि लिफ्टमध्ये शिरले.

हे त्याने घरी येऊन मला शुभवार्तेसारखं सांगितलं. आता ते परत विचारतील, मग पगाराचं बोलता येईल.

"तू नाही का म्हणालास?"

"पहिल्यांदाच हो म्हटलं तर आपल्याला गरज आहे असं दिसतं."

"आपल्याला गरज आहे, निखिल."

"ती त्यांना कशाला दिसायला हवी?"

युक्तिवादात चूक नव्हती. तो फक्त कराडमध्ये बरोबर होता.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. साहेब कॉरिडॉरमध्ये भेटत, हसत आणि पुढे जात. मग एचआरकडून मेल आली, की परतीचं तिकीट मुंबईचं काढायचं की पुण्याचं. निखिलचा चेहरा उतरला, पण तोंडाने म्हणाला, असल्या मेल औपचारिक असतात. साहेबांना जाऊन सांग, असं मी रोज म्हणत होते. तो रोज म्हणत होता, आपणच नाही म्हणालो, आता आपणच कसं मागायचं. मी विमान कंपन्यांचे गरोदर प्रवाशांसाठीचे नियम वाचायला लागले. वाचनाची आवड असूनही त्या मजकुरात मन रमलं नाही.

त्या शुक्रवारी काकांनी वाटायला सुरुवात केली आणि मी टेबलावर बोलले. बोलायचं नसतं हे माहीत होतं. पण इशाऱ्यात सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. लिफ्टपासून तिकिटापर्यंत सगळं सांगितलं. निखिल हिरव्या कापडाकडे बघत होता. काकूंनी पदर तोंडाला लावला.

काकांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मला वाटलं, आता बो काढतील आणि काही वडीलधाऱ्यासारखं बोलतील. त्यांनी बो काढला नाही.

"पुढचा पत्ता उघडला का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सरांच्या जागी दुसरा माणूस घेतला का?"

अजून नाही, असं निखिल म्हणाला. जाहिरातही आलेली नाही.

मग काकांनी नियम सांगितला. खेळणाऱ्याचा इशारा चुकला आणि पुढचा पत्ता अजून उघडलेला नसेल, तर त्याने तिथल्या तिथे हात वर करून सांगायचं. वाटणारा मुकादमाला बोलावतो आणि मुकादम निर्णय देतो. बहुतेक वेळा मान्य करतात. पण पत्ता उघडल्यावर खुद्द कसिनोचा मालक आला तरी उपयोग नाही. "आपण अजून वेळेत आहात, सर. परवा रविवार. सकाळी जायचं."

"पण काका, मागून कसं घ्यायचं?"

इथे कापडाच्या पलीकडून बार्शी आली. "आरं मग कुणी घ्यायचं? तिकडं बायको विमानाचं नियम वाचायलीय, आन् तू कोण परत विचारतंय म्हणून वाट बघायलास? तुझी आई हाय का रे त्या हापिसात?"

निखिल उठून जाईल असं मला वाटलं. तो बसून राहिला. काका पाणी प्याले, मग त्यांनी जाकीट खाली ओढलं, पत्ते पिसले आणि त्याच्यापुढे दोन टाकले. दुर्री आणि दश्शी, बारा. स्वतःपुढे राजा उघडला. मग दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवून ते उभे राहिले.

निखिलने त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. निखिलने हात थोडासा उचलला, परत ठेवला. एसीचा आवाज येत होता. काकूंना राहवेना. त्या आत गेल्या आणि ट्रे घेऊन आल्या. "चहा घे रे थोडा."

"नको नको, काकू."

"मॅडम," काका कॅलेंडरकडे बघतच म्हणाले, "सर नको म्हणाले."

काकूंनी जन्मात कुणाच्या पहिल्या नकाराला किंमत दिली नव्हती. त्या ट्रे घेऊन स्वयंपाकघराकडे वळल्या तेव्हा त्यांच्या पाठीकडे बघवत नव्हतं. कप वाफाळत आत गेला. निखिल त्याच्याकडे बघत राहिला, आणि मला वाटतं, त्याला सगळं खरोखर कळलं ते त्या कपाकडे बघताना.

त्याने दोन बोटं टेबलाला लावली.

"दिसलं नाही, सर."

पुन्हा लावली.

"ही खाज सुटल्यासारखी वाटते. पत्ता मागताय ना? मग मागितल्यासारखं करा."

त्याने टकटक केली. आवाज आला. काकांनी पत्ता टाकला. बदामचा गुलाम. बावीस.

"फुटला," काका म्हणाले आणि त्याचे चणे उचलले. "अगदी बरोबर खेळलात, सर."

निखिलला हसू आलं. मला रडू आलं, पण त्या महिन्यांत मला पाण्याची बाटली उघडली नाही तरी रडू यायचं. मग काका त्याला वाटतच राहिले. दर वेळी काही न विचारता उभे राहायचे, आणि निखिल मागेपर्यंत पत्ता द्यायचे नाहीत. कधी तो जिंकला, जास्त वेळा फुटला. दोन्हींबद्दल काकांचा चेहरा सारखाच. शेवटी निखिल मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "काकू, मला चहा पाहिजे." काकूंनी त्याला दोन कप आणून दिले.

निघताना काकांनी त्याला एवढंच बजावलं, की कारणं सांगायची नाहीत. बायको, बाळ, आई, काही नाही. इशाऱ्याला कारण नसतं. माझा इशारा चुकला, मला राहायचंय. बस्स.

रविवारी निखिलने तसंच केलं. साहेब रजेवर निघायच्या गडबडीत होते, टेबलावर लॅपटॉपची बॅग उघडी होती. निखिल आत गेला, टेबलावर दोन बोटांनी टकटक केली, आणि साहेबांनी आधी त्या बोटांकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, मी चुकून नाही म्हणालो, मला राहायचं आहे. आहे त्याच पगारावर का, असं साहेबांनी विचारलं. निखिल हो म्हणाला. "यल्ला, खलास," साहेब म्हणाले आणि बॅगेची चेन लावली. यल्ला म्हणजे चला, आणि खलास म्हणजे संपलंही नि ठरलंही. ज्या शब्दाने नोकरी गेली होती त्याच शब्दाने परत आली.

आमची मुलगी दोह्यातच झाली. माझी डॉक्टरीणबाई बदलली नाही, माझी शाळेतली जागा राहिली. दवाखान्यात पहिल्या रात्री निखिलने नर्सकडे माझ्यासाठी आणखी एक उशी मागितली आणि ती मिळाली. लोकांना यात विशेष वाटणार नाही. काकूंचा चहा सोडला, तर मला आठवतं आहे तेवढ्यात या माणसाने दुसऱ्या कुणाकडून मागून घेतलेली ती पहिली वस्तू होती. काका-काकू भेटायला आले. काकांनी बाळाला दोन्ही हातांवर घेतलं, बघितलं, माझ्याकडे परत दिलं आणि तळवे उलटसुलट करून छताला दाखवले. तिथे खरंच कॅमेरा होता.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. हॉटेलने त्यांच्या निरोपाचा समारंभ केला. भाषणं झाली, केक आला, त्यांनी शिकवलेले वेटर बरोबर त्यांनी शिकवलेल्या अंशात वाकले. असल्या समारंभात मी सहसा दाराजवळची खुर्ची धरते. त्या दिवशी पुढे बसले आणि भाषणांना टाळ्याही वाजवल्या. आता ते बार्शीला असतात. फोन काकूच उचलतात आणि काका बाहेर गेलेत म्हणून सांगतात. तिथल्या बायकांना त्यांनी भिशीच्या दिवशी ब्लॅकजॅक शिकवायला घेतलं आहे आणि सल्ला न देण्याच्या नियमावर गाडी अडली आहे, असं कळलं.

मी त्यांची ऋणी आहे, आणि हे वाक्य लिहिताना मला त्यात थाटामाटाचा वास येतो आहे तरी खोडत नाही. आम्ही दोघांनीही अजून कुठल्याच कसिनोत पाऊल टाकलेलं नाही. तिकडे कधी गेलोच तर आमचं वागणं निर्दोष असेल. पण आमच्या घरात आता जेवताना दुसरी पोळी हवी असली की निखिल ताटाशेजारी दोन बोटांनी टकटक करतो. बाहेरच्यांना हे उद्धट वाटतं. सासूबाईंना तर फारच. मला मात्र त्याला काय हवं आहे ते कळतं, आणि पूर्वी ते त्याच्या आईला पत्र पाठवून विचारावं लागेल अशी परिस्थिती होती.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला निखिलच्या ऑफिसातली काही मंडळी आली होती. त्यांत एचआरच्या केरळी बाई होत्या. केक खाता खाता त्यांनी सहज सांगितलं, की तिकिटाची ती मेल संगणक आपोआप पाठवतो. साहेबांनी निखिलसाठी वाढीव पगार तेव्हाच मंजूर करून ठेवला होता. साहेबांच्या गावाकडे, लेबनॉनमध्ये, पाहुण्याला तीनदा विचारायची रीत आहे, आणि रजेवरून आल्यावर ते दुसऱ्यांदा विचारणार होते.